महिने विचारणारी एलुबे

जून-जुलै म्हणजे आमच्याकडे हिवाळा, आमच्या डेड्झाच्या डोंगरावर हाडं गोठवणारी थंडी पडते. तेव्हा एलुबे म्क्विंडा एकावर एक दोन स्वेटर घालायची आणि त्यावर नर्सचा पांढरा कोट, ज्याची बटणं मग लागायची नाहीत. मेट्रनने टोकलं की शांतपणे म्हणायची, गार हात लागला की बाईचं पोट आखडतं आणि बाळ नीट दिसत नाही. म्हणजे स्वेटर तिच्यासाठी नव्हतेच, पेशंटसाठी होते. असली उत्तरं तिच्या खिशात तयार असायची. अठरा वर्षं मी तिच्यासोबत प्रसूती विभागात काढली. भांडलो, रुसलो, एकदा एका भाजलेल्या रताळ्यावरून आठवडाभर अबोला धरला. पण तिच्याइतकी हुशार सुईण मी बघितली नाही. आणि हल्ली आसपासच्या गावांत तिच्याविषयी जे बोललं जातं ते कानावर आलं की माझं डोकं फिरतं. म्हणून म्हटलं, एकदा सांगूनच टाकू. मी फेलेसिता, तिथलीच नर्स. माझ्या जिभेला हाड नाही हे तिथे सगळे जाणतात, तुम्हीही जाणून घ्या.

रुग्णालय मिशनचं, लहानसं. सिझर करायला पदवीवाला डॉक्टर नाही. ते काम चिकाओंडा करतात. तीन वर्षांचं शिक्षण, पण हात असा की शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी बघत राहावं. आम्ही त्यांना डॉक्टरच म्हणतो.

सहा वर्षांपूर्वी मिशनला डॉप्लरचं मशीन मिळालं आणि ते शिकायला एलुबेला दीड महिना ब्लँटायर शहरात पाठवलं. खरं तर नाव माझं होतं, पण त्याच आठवड्यात मी मेट्रनला काहीतरी बोलून बसले. जाऊ दे. एलुबे परत आली ती त्या मशीनची आई होऊन. रोज संध्याकाळी ते पुसायची, स्वतःच्या चितेंजेत, म्हणजे कमरेला नेसायच्या कापडात, गुंडाळून ठेवायची. नवऱ्यालाही कधी इतकं जपलं नसेल, असं मी म्हणायचे. ती म्हणायची, नवरा बिघडला तर दुसरा मिळतो.

मशीन काय करतं ते तिने मला पंपाजवळ उभं राहून समजावलं होतं. पोटातल्या बाळाचं काळीज नाळेतून रक्त वारेकडे ढकलतं, आपण बोअरचा दांडा मारतो तसं. दांडा दाबला की पाणी जोरात येतं, पण दांडा वर जाताना बारीक धार चालू राहते. ती बारीक धार बघायची. वार बिघडली की दोन ठोक्यांच्या मधली ती धार तुटते. मग बाळाला पोटात खायला कमी पडतं, ते वाढायचं थांबतं, पण हाताशी काही दिवस असतात. आणि ती धार उलटी फिरली, रक्त परत मागे यायला लागलं, की दिवस नाही, तास मोजायचे. हे सगळं पडद्यावर डोंगरांच्या रांगेसारखं दिसायचं, आणि मशीन आवाजही करायचं, श्शू, श्शू. एलुबे बघायची कमी, ऐकायची जास्त. डोळे मिटून. बरी नाळ सलग वाहते. बिघडलेली नाळ प्रत्येक श्शूनंतर गप्प होते. त्या बिचाऱ्या आयांना दोन्ही आवाज सारखेच गोड वाटायचे.

आता यात मेख अशी होती की धार तुटलेली दिसली तरी पुढे काय करायचं हे मशीन सांगत नाही. ते ठरतं किती आठवडे झाले त्यावर. चौतीस आठवडे असतील तर त्याच दिवशी सिझर. बाळ लहान निघालं तरी आईच्या छातीशी बांधून ठेवलं की आमच्याकडेही जगतं, अशी कितीतरी जगवली आम्ही. पण अठ्ठावीस असतील तर? बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या दोन पेट्या आमच्याकडे, त्यातली एक बंद. श्वास द्यायचं यंत्र नाही. अठ्ठावीसचं बाळ काढलं तर ते आमच्या डोळ्यांदेखत जायचं आणि आईच्या पोटावर व्रण राहायचा. पुढच्या खेपेला तीच आई घरी अडली की तो व्रण फुटायचा. चिकाओंडांनी अशा दोन बायका टेबलावर गमावल्या होत्या. म्हणून नियम केला होता, बत्तीसच्या आत बाळासाठी पोट उघडायचं नाही. शहरातलं मोठं रुग्णालयही बत्तीसच्या आतलं पेशंट घेत नसे, त्यांच्या पेट्या कायम भरलेल्या. तर सगळं येऊन अडायचं आठवड्यांवर.

आणि आमच्याकडे महिने खरे सांगतं कोण? पोट दिसेपर्यंत बाई कबूलच करत नाही. दिसायला लागलं की महिना-दीड महिना चोरून सांगते. कुणाची नजर कशी, कोण मनात काय धरून बसलंय, काय सांगावं. खरी तारीख कळली तर जळणारा माणूस बरोबर त्या तारखेला वाट अडवून बसतो, असं आमच्या आजीने मला सांगितलं, तिला तिच्या आजीने. तुम्ही हसाल. मीही हसते. पण माझ्या तिन्ही वेळेला मी स्वतः नर्स असून दीड महिना चोरून सांगितला, आणि एलुबेनेही. म्हणून तर तिला सगळ्यांची चोरी पकडता यायची.

तिची पद्धत मोठी मजेदार होती. किती महिने झाले असं ती कधी विचारायचीच नाही. सोबत आलेल्या बायकांना काहीतरी आणायला बाहेर पिटाळायची, मग पोटावर मशीनचा प्रोब फिरवता फिरवता शेतातल्या गप्पा काढायची. यंदा पाऊस उशिरा आला ना गं. मका गुडघ्याएवढा झाला तेव्हा तू माहेरी होतीस की सासरी. शेंगा उपटल्या तेव्हा मळमळत होतं का. बाई बोलता बोलता स्वतःच सापडायची. एलुबे बोटांवर हिशेब करायची, कार्डावरचा आकडा खोडायची, खरा लिहायची, आणि वर बाईला बजावायची की हे कार्डावर आहे, गावात नाही, गावात तुझे तू सांग. बायका खुदकन हसायच्या. सहा वर्षांत ती फार थोड्या वेळा चुकली. त्याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

मग गेल्याच्या गेल्या जुलैत, एका सोमवारी, टिसुंगाने आली.

टिसुंगाने ही एलुबेच्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोरगी नऊ वर्षांची होती. आमच्यात आईची बहीण ही आईच, मग सख्खी आई असो नसो. एलुबेने तिला वाढवलं, शाळेत घातलं, लग्न लावून दिलं. पोरगी एकोणीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण, पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला. सोबत नाचिसाले आजी, म्हणजे एलुबेची सख्खी आई. काठीसारखी ताठ बाई, अजून डोक्यावर लाकडाची मोळी आणणारी.

एलुबेने पोटावर प्रोब ठेवला. मी तिथेच होते. श्शू. गप्प. श्शू. गप्प. एलुबेने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. टिसुंगाने पडल्या पडल्या हसत होती, आई, किती जोरात चाललंय गं त्याचं, म्हणाली. एलुबे म्हणाली, हो बाळा, जोरात चाललंय.

कार्डावर उपकेंद्रातल्या कारकुनाने अठ्ठावीस लिहिले होते. आजीने सांगितलेले. सहा पूर्ण, सातवा लागलाय.

आता बघा कशी गंमत आहे. जगातल्या कुठल्याही बाईकडून महिने काढून घेणारी एलुबे या एका मुलीला विचारू शकत नव्हती. आमच्यात आईने लेकीशी या गोष्टी बोलायच्या नसतात. पहिल्या पाळीपासून पहिल्या बाळंतपणापर्यंत जे काही आहे ते आजीने सांगायचं, नाहीतर गावातल्या जाणत्या बाईने. आईने विचारलं तर लेकीला मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि आईच्या तोंडून निघालेल्या असल्या शब्दाने बाळाला बाधा होते असं मानतात. आजीला विचारावं, तर आजी म्हणजे तिची स्वतःची आई. तिकडेही तीच बंदी. तिघी एका खोलीत, एकाच रक्ताच्या, आणि तिघींच्या तोंडाला कुलूप.

म्हणून एलुबेने मला बाहेर व्हरांड्यात ओढलं. बाळाचं माप घेतलं होतं तिने, डोकं, पोट, मांडीचं हाड, सगळं जेमतेम अठ्ठावीसचं. वजन बाराशे ग्रॅमच्या आसपास. म्हणाली, "फेले, एक तर हे अठ्ठावीसचं नीट वाढलेलं बाळ आहे, नाहीतर चौतीसचं उपाशी बाळ आहे. मापावरून मला दोन्ही सारखेच दिसणार. तू विचार."

मी विचारलं. पण कसं विचारलं ते ऐका. आजी खाटेला चिकटून बसली होती, हलायला तयार नाही. मी सरळ विचारलं, आजी, खरे सांगा, किती? आजी म्हणाल्या, सहा पूर्ण, सातवा लागलाय. पोरीने मान हलवली. मी एलुबेला तसंच येऊन सांगितलं. ती म्हणाली, असं नाही गं, आजीला बाहेर काढून विचार, पेरणीचं विचार. मी म्हटलं, उद्या विचारते. वर हेही म्हटलं की अगं तुझीच आई आहे, तुझ्या रुग्णालयात येऊन तुलाच खोटं सांगेल का? एलुबे म्हणाली, हो, तेही खरंच. तिला ते पटायला हवं होतं म्हणून पटलं, असं मला आता वाटतं.

चिकाओंडांनी बघितलं, कार्ड वाचलं, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं सुरू केली आणि खाटेपाशी जाऊन सगळ्यांशी बोलतात तसंच बोलले. बाळ लहान आहे. इथेच राहायचं, विश्रांती घ्यायची. महिने भरायची वाट बघायची आहे. आम्ही आयांना धार तुटल्याचं सांगत नसू. घाबरून रक्तदाब चढतो आणि करायचं तर काहीच नसतं, मग कशाला सांगा. आजींनी ते नीट ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा एकदम निवांत झाला. मला तेव्हा कळलं नाही का ते. त्यांच्या मनातले महिने भरत आले होते ना! डॉक्टर म्हणतात महिने भरू दे, आणि महिने तर जवळजवळ भरलेलेच, म्हणजे आता काळजी नाही, दोन-तीन आठवड्यांत बाळ आपणहून हातात. मग कशाला कुणाला काही सांगायचं? त्या बाईच्या मनात कपट नव्हतं हो. नातवाच्या वाट्याला कुणी जाऊ नये एवढंच होतं.

मंगळवारी मला विचारायचं होतं. मंगळवारी जुळं आडवं अडलं आणि दिवस त्यात गेला. बुधवारी पर्यवेक्षक आले, रजिस्टरं मागितली. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पाच मिनिटांचं काम होतं. वॉर्डातून जाताना मला पोरगी दिसायची, आजी तिला लापशी भरवत असायच्या, आणि मी मनात म्हणायचे, संध्याकाळी. एलुबे दिवसातून दोनदा मशीन लावायची आणि माझ्याकडे नुसती बघायची. तोंडाने एकदाही टोचलं नाही तिने मला. टोचलं असतं तर मी रागाने का होईना, जाऊन विचारलं असतं.

गुरुवारी ती चिकाओंडांकडे गेली. धार चार दिवस तुटलेलीच होती. म्हणाली, डॉक्टर, मला हे अठ्ठावीस वाटत नाहीत. त्यांनी विचारलं, कशावरून? तिच्याकडे कशावरून नव्हतंच. एवढंच होतं की पोरगी जानेवारीत भेटायला आली तेव्हा तिने मासे नको म्हटलं होतं, वास सहन होईना म्हणून. चिकाओंडा वाईट माणूस नाही. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "एलुबे, माशांवरून मी एकोणीस वर्षांच्या पोरीचं पोट फाडू? मला महिने आणून दे, मी दहा मिनिटांत हात धुतो." शहरात फोन केला, तिथूनही तेच. बत्तीस झाले की पाठवा.

शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तिने परत प्रोब ठेवला. मी शेजारच्या खाटेवर सलाइन लावत होते. श्शू, आणि मग त्या गप्प जागेत एक बारीक, उलटा, ओढल्यासारखा आवाज. मला फार कळत नाही त्यातलं, पण हे मलाही कळलं. धार फिरली होती.

एलुबेने मशीन बंद केलं. पोरीच्या पोटावरचं जेल पुसलं, चितेंजे नीट ओढून दिला. मग ती खाटेशेजारी खाली, गार फरशीवर गुडघे टेकून बसली, आमच्यात वडीलधाऱ्यांसमोर बसतात तसं, आणि माझ्याकडे न बघता पोरीला म्हणाली, "टिसू, तू शेवटची पाळीची फडकी धुतलीस तेव्हा शेतात काय होतं?"

वॉर्डात बारा बायका होत्या. सगळ्यांच्या माना वळल्या. पोरीने चितेंजे तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळली. आजी उठून उभ्या राहिल्या. लाज सोडलीस का, म्हणाल्या, आई आहेस तू तिची. एलुबे हलली नाही. तिने आजींच्या पायाला हात लावला आणि तसाच ठेवला. पण बोलत राहिली पोरीशीच. मका पेरला होता का, एवढंच सांग. नको सांगूस महिने, फक्त पेरला होता का ते सांग. तिचा आवाज चिरकत होता. मी तिला अठरा वर्षांत तसं कधी ऐकलं नव्हतं.

मग चितेंजेच्या आतून पोरगी म्हणाली, "नव्हता. आम्ही अजून सरी ओढत होतो."

सरी ओढणं म्हणजे नोव्हेंबरचा मध्य, आमच्याकडच्या पावसाच्या आधी. मी बोटं मोजायच्या आत एलुबे उठून पळाली होती. चौतीस पूर्ण, पस्तिसावा चालू. चिकाओंडांनी शब्द पाळला, एक प्रश्न विचारला नाही. दहा मिनिटांत हात धुऊन उभे. पण भूल देणारा माणूस जेवायला घरी गेला होता, त्याला बोलवायला सायकल पाठवली. शस्त्रक्रियेची खोली उघडली, हत्यारं उकळायला स्टोव्ह पेटवला, पोरीला ढकलगाडीवरून नेलं. जेमतेम पाऊण तास. मी देवाला इतकं कधी विनवलं नव्हतं, आणि इतक्या शिव्याही कधी दिल्या नव्हत्या, दोन्ही एकाच श्वासात.

टेबलावर घेतल्यावर सुई टोचायच्या आधी बाळाचे ठोके ऐकायचे असतात. एलुबेने ऐकले. जागा बदलली, परत ऐकले. मग मशीन आणवलं आणि पडद्यावर शोधलं. मी तिचा हात बघत होते. तो हात त्या पोटावर असा फिरत होता, डावीकडे, उजवीकडे, वर, पुन्हा डावीकडे. शेवटी चिकाओंडांनीच तिचं मनगट धरलं. हातमोजे काढले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

पोट उघडायचं आता कारण नव्हतं. कळा आणायचं औषध दिलं. शनिवारी दुपारी बाळ झालं, मुलगा, साडेबाराशे ग्रॅम, केस दाट, नखं बोटांच्या टोकापर्यंत आलेली. मी त्याचा पाय हातात घेतला. तळव्यावर पुढे निम्म्याच्या खालपर्यंत रेषा उतरल्या होत्या. अठ्ठाविसाच्या बाळाचा तळवा गुळगुळीत असतो. मी ते एलुबेला दाखवलं नाही, तिनेच बघितलं.

आजींनी नातवाला चितेंजेत गुंडाळून घेतलं. रडल्या नाहीत. वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या लेकीला म्हणाल्या, "आठ महिने मी ते झाकून ठेवलं आणि ते जिवंत होतं. तू बारा जणींसमोर उघडं केलंस आणि तासाभरात गेलं. आईने विचारू नये म्हणतात ते उगाच म्हणत नाहीत."

आणि टिसुंगाने खाटेवरून एलुबेकडे बघत होती. आजीपेक्षा ते बघणं वाईट होतं. मी सांगितलं, मी सांगितलं, एवढंच पुटपुटत होती.

माझं डोकं तडकलं. मी तोंड उघडलंच होतं. म्हणणार होते, अहो आजी, महिने सोमवारी सांगितले असते तर पोरगा आत्ता तिच्या छातीशी बांधलेला असता, तुमच्या झाकण्याने गेला तो. शब्द जिभेवर होते. एलुबेने माझा दंड असा दाबला की नंतर काळानिळा पडला. ओढत मला बाहेर नेलं, वॉर्डामागे, जिथे रुग्णांच्या सोबतिणी चुली पेटवतात तिथे.

"तू काही बोलायचं नाहीस."

मी म्हटलं, का नाही बोलायचं? सगळी बारा गावं आता तुझ्या नावाने बोटं मोडतील.

"मोडू दे. आत्ता टिसू मला शिव्या देतेय. खरं कळलं तर कुणाला देईल? पाच दिवस मान हलवत तीच पडून होती. आणि आई. आईला कळलं तर ती जेवणार नाही, फेले. मी ओळखते तिला."

आणि मला? मी ज्या मंगळवारी विचारायला हवं होतं त्या मंगळवारचं काय? ते मी तिला विचारलं, तिथेच, धुरात. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, जुळं अडलं होतं ना. बस, एवढंच. मी तिथे बसून हमसून हमसून रडले आणि ती उभी राहून माझी टोपी सरळ करत होती.

मग जे व्हायचं ते झालं. बारा बायका आपापल्या गावी गेल्या आणि बातमी त्यांच्याआधी पोचली. म्क्विंडा सिस्टर महिने विचारते आणि बाळ जातं. बायका आता दीडच्या जागी अडीच महिने चोरायला लागल्या. पेरणीचं विचारलं की ओठ मिटायच्या. काही तर मशीनच्या खोलीचं दारच ओलांडायच्या नाहीत, उपकेंद्रातूनच परत फिरायच्या. त्या वर्षी आणखी तीन बाळं पोटात गेली, तिन्हींच्या कार्डावरचे आकडे खोटे. एलुबेने मेट्रनकडे जाऊन सांगितलं की मला दुसरीकडे टाका. मेट्रन म्हणाल्या, मग मशीन कोण चालवणार? म्हणून तिने मला शिकवलं. मी वाईट विद्यार्थिनी, हात जड, कान जाड, आणि ती माझ्या बोटांवर बोटं ठेवून परत परत दाखवायची. नाळ सापडायला तिला अर्धं मिनिट लागायचं, मला पंधरा मिनिटं.

यंदा मार्चमध्ये नाचिसाले आजी एकट्या आल्या. माझ्या घरी, रुग्णालयात नाही. सोबत टोपलीत अंडी. म्हणाल्या, पोरीचं पोट पुन्हा आलंय, पाय सुजलेत. आणीन, पण दोन अटी. ती, माझी लेक, खोलीत नको. आणि कुणी महिने विचारायचे नाहीत.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

एलुबेला सांगितलं तेव्हा ती औषधांच्या बाटल्या पुसत होती. पुसत राहिली. कधी येणार, विचारलं. गुरुवारी, म्हटलं. गुरुवारी सकाळी तिने मशीन सोडवून, पुसून, सुरू करून ठेवलं, जेलची बाटली गरम पाण्यात घालून ठेवली, आणि कोटाची बटणं लावून मागच्या चुलींपाशी जाऊन बसली. जिल्ह्यातला सगळ्यात चांगला हात आणि कान चुलीपाशी बसला, आणि माझ्यासारखी धांदरट बाई त्या पोरीच्या पोटावर प्रोब घेऊन वाकली.

वीस मिनिटं लागली मला. टिसुंगाने छताकडे बघत होती, आजी माझ्या तोंडाकडे. शेवटी नाळ सापडली. धार होती. बारीक होती, पण तुटलेली नव्हती. बाळाचं डोकं मोजलं, पोट मोजलं, आकडे कागदावर लिहिले. आकडे लहान होते की बरोबर होते, हे मला कळायला एक गोष्ट लागत होती आणि ती मी विचारणार नव्हते. पुढच्या गुरुवारी या, म्हटलं.

त्या गेल्यावर मी कागद घेऊन मागे गेले. एलुबेने तो माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला. धार चालू आहे, मी म्हटलं. तिने मान हलवली आणि बोट त्या आकड्यांवरून फिरवत राहिली.

"आणि महिने किती?" तिने विचारलं.

मी म्हटलं, विचारले नाहीत.